कुंकू लावलेला राजीनामा

आप्पा, आज आमच्या वरसे गावातल्या घरी तीन वस्तू आल्या. रवा अर्धा किलो, तेवीस रुपये. नारळ एक, पस्तीस. आणि कंपनीचं रजिस्टर पत्र, त्याचा खर्च कंपनीचा. तुमच्या जावयांनी सोमवारपासून पहिल्या शिफ्टला हजर व्हावं, असं त्यात लिहिलंय. म्हणून तर रवा आणि नारळ.

झालं असं, की मागल्या महिन्यात हे कामावरून एक टाइप केलेला कागद घेऊन आले. उद्या सही करून आण, हिशेब चुकता करू, असं साहेबांनी सांगितलेलं. यांनी फक्त खालचा आकडा वाचला होता. मी कागद घेतला, हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवला. तुमचीच रीत, आलेला कागद एक दिवस देवापुढे, मग सही. हे चिडले. "अगो, कंपनीचा कागद हाय तो, लग्नाची पत्रिका नाय." सकाळी पूजा आटोपून मी तो दोनदा वाचला. मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, असं होतं त्यात. अठरा वर्षांची नोकरी, आणि ही खुशी यांनाच ठाऊक नव्हती.

यांनी सही केली नाही, तसं गेटवर अडवलं. सही नाही तर कागद परत दे म्हणाले. पण कुंकवाने माखलेला कागद साहेबांच्या हातात द्यायची यांना लाज वाटली, म्हणून तो घरीच राहिला. पुढे आम्ही कामगार कचेरीत तक्रार केली, तिथे साहेब म्हणाले, आम्ही राजीनामा मागितलाच नाही, हाच यायचा बंद झाला. तेव्हा मी पिशवीतून कागद काढला, वर कंपनीचं नाव ठळक. अधिकारी बाई होत्या. "याची पूजा केलीत?" मी म्हटलं, "सगळ्याच कागदांची करते, लाइटबिलाची पण." त्या हसल्या. साहेबांकडे वळल्या तेव्हा मात्र नाही हसल्या. "माणूस कमी करायचा तर लेखी कारण द्या, महिन्याची नोटीस द्या, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे भरपाई द्या. आणि शेवटी लागलेला आधी कमी होतो. हे तर अठरा वर्षांचे जुने." साहेब पाणी प्यायले.

मला मात्र तिथे बसल्या बसल्या पेण दिसत होतं. मी चौथीत आहे. पोह्यांच्या गिरणीचा दिवाणजी आपल्या अंगणात उभा आहे, तुम्ही भट्टीवरून आलेले, हाताला कोंडा. कागद माझ्यापुढे धरता. "वाच गो, तू शिकलेली." मी वाचते, पगार मिळाला. तुम्ही अंगठा उठवता. दुसऱ्या दिवशी तुमच्या जागी दुसराच माणूस, कारण खाली लिहिलेलं, काम मी आपखुशीने सोडलं. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. तेव्हापासून कागद देव्हाऱ्यात जायला लागले. मी समजायची, तुमची भक्ती वाढली.

कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "पोरीचा काय दोष, अक्षर बारीक होतं." आप्पा, अक्षर चांगलं मोठं होतं. शेजारी लंगडी रंगली होती आणि माझा डाव आला होता. पहिली ओळ वाचून मी पळाले.

हे पत्र पाकिटात घालत नाही, तुम्ही गेलात तिथला पत्ता माझ्याकडे नाही. देव्हाऱ्यात ठेवते, शिऱ्याच्या वाटीशेजारी. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, एवढंच उलट टपाली कळवा.