खटक्याला बांधलेली चिंधी

८ जाने., गुरु.
प्लॅस्टरचा विसावा दिवस. खोली तीच, खिडकी तीच, खिडकीतून दिसणारी शेजाऱ्यांची पाण्याची टाकीही तीच. कुंभारीच्या या वसाहतीत सगळी घरं एका साच्यातली, तेव्हा शेजारणीलाही माझीच टाकी दिसत असणार. तेवढंच समाधान.
टॉवेल कारखान्यातून मॅनेजरसाहेबांचा फोन. "सोमवारी १९ला या. अपघाताच्या जबाबावर तुमची सही राहिलीय." हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.
पहाटे परत तेच स्वप्न. मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलेली, समोर नुसती भिंत. बाहेरून कुणीतरी विचारतंय, "आत कोण हाय?" आणि मला माझं नाव सांगता येत नाही.

१० जाने., शनि.
लेक प्रे. कॉलेजातून आली की टीव्ही तिचा. आज तिची ती अंतराळातली मालिका. मी म्हटलं, मला पाय आहे एक, डोळे आहेत दोन, लाव.
यानातली माणसं झोपलीत. प्रत्येकाला आपापलं वाईट स्वप्न, आणि स्वप्नात एक बंद खोली. भिंतीतून आवाज येतो, "ज्याची खरी भीती वाटते ते बोला, दार उघडेल." यानाची इंजिनं सांभाळणारी एक बाई. माझ्याच वयाची, फक्त केस बरे. म्हणाली, मला अंधाराची भीती वाटते. दार बंदच. म्हणाली, मला एकटं मरायची भीती वाटते. तरी बंद. मग भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिली बराच वेळ, तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि आमची लाईट गेली.
प्रे. म्हणाली, "आई, तू त्या खोलीत असतीस तर काय म्हणली असतीस?"
"लिफ्टची भीती वाटते म्हणले असते."
"उघडलं असतं दार?"
"गप कांदा चिर."

११ जाने., रवि.
नसतं उघडलं.

१२ जाने., सोम.
प्रे. कॉलेजला, हे ड्युटीवर. घरात कुणी नाही तोवर लिहून टाकते. वही उशीच्या अभ्र्यात असते, तिथं कुणी हात घालत नाही.
लिफ्टची जाळी पूर्ण लागली की बाजूचा खटका दाबला जातो आणि मगच लिफ्ट चालते. त्या दिवशी माल घाईचा, गठ्ठा लांब, जाळी लागेना. लिफ्टवर राजण्णामामा असते तर त्यांनी गठ्ठा उतरवायलाच लावला असता. पण मामा जेवायला गेले होते. मी टॉवेलच्या काठाची चिंधी घेतली, खटका दाबून बांधून टाकला आणि स्वतः आत शिरले. गठ्ठ्याचं टोक दुसऱ्या मजल्याच्या कडेला अडकलं, लिफ्टनं हिसका दिला, गठ्ठा माझ्या घोट्यावर. पावणेदोन तास आत.
बाहेर काढल्यावर साहेबांनी विचारलं, चिंधी कुणी बांधली? माझ्या तोंडून निघालं, मला माहीत नाही, आधीच बांधलेली होती. दुखत होतं म्हणून निघालं असं मी तीन आठवडे स्वतःला सांगतेय.
साहेबांनी चिंधी कापली नव्हती, गाठीसकट काढून ठेवली. म्हणाले, ही विणकराची गाठ आहे, पॅकिंगच्या बायकांना कुठली येते. कारखान्यात जुना विणकर एकच, राजण्णामामा. त्याच संध्याकाळी त्यांना घरी पाठवलं.
ती गाठ मला मामांनीच शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी, दुपारच्या सुट्टीत, हौसेनं. "अम्मा, ही गाठ तुटेल पन सुटनार न्हाय." पॅकिंगमधल्या दुसऱ्या कुणाला त्यांनी शिकवली नाही. दुसरीनं विचारलीच नाही.
झालं लिहून. हलकं वाटेल म्हणतात. काही वाटलं नाही.

१३ जाने., मंगळ.
भोगीची भाजी, बाजरीची भाकरी प्रे.नं केली. भाकरीचा नकाशा झालेला, पण तीळ सढळ.
हे म्हणाले, "सोमवारी सही करून टाक, विषय संपंल. औषधपाण्याचं कंपनी बघतीय की." ह्यांना खरं माहीत नाही. मी खरं बोलले तर औषधपाणी गेलं, नोकरी गेली, वर जबाब खोटा दिला म्हणून काय होईल देव जाणे. नाही बोलले तर मामा गेले. साठीला टेकलेल्या माणसाला कोण कामावर घेतं? घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर आहे, पण खरं तर गळ्यापर्यंत चढलंय.

१४ जाने., बुध. संक्रांत
दोघंही गड्ड्याच्या जत्रेला गेले. मीच पाठवलं.
अकराच्या सुमाराला दारात सायकल वाजली. राजण्णामामा. शहराच्या पूर्व भागातून इथवर, या वयात. कागदात तिळगूळ. बसा म्हणायचं राहिलं, तेच स्टूल ओढून बसले.
पायाचं विचारलं, प्रे.च्या परीक्षेचं विचारलं. सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "साहेबानं मला ती चिंधी दावली. गाठ वळखली मी."
मला वाटलं, पलंगासकट जमिनीत जावं.
"मग सांगितलं का न्हाय, मामा?"
"म्या सांगून काय उपेग? तू सांगशील म्हनून थांबलो."
ना राग, ना काही. रागावले असते तर मी भांडले तरी असते. तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, "गोड बोल" म्हणाले आणि गेले. मी रडले. आधी लाजेनं, मग मामांवर चिडून. शाप द्यायचा तर द्यावा माणसानं, असं थांबून काय राहायचं!

१५ जाने., गुरु.
तिळगूळ तसाच पडलाय. प्रे.नं विचारलं, कुणी दिला? म्हटलं, शेजारून आला. आणखी एक खोटं, तेही तिळगुळापायी.

१७ जाने., शनि.
प्लॅस्टर काढलं. पाय बारका, पांढरा, दुसऱ्याचाच वाटतो. कुबडी दिली. जिने चढायचे नाहीत म्हणाले डॉक्टर. साहेबांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे लिफ्टनंच जावं लागणार.
प्रे. म्हणाली, तो राहिलेला भाग परत लावू का? नको म्हटलं. "अगं, त्या बाईनं काय सांगितलं ते तरी ऐक."
"मला माहीत आहे."
"न बघता?"
"न बघता."

१९ जाने., सोम.
कारखान्यात, खाली लिफ्टसमोरच्या बाकावर. सव्वादहा.
वर जावं लागेल या भीतीनं रात्रभर डोळा नाही, आणि इथं आले तर साहेबांनी जबाबाचा कागद खालीच पाठवलाय. निरोप असा, "पायाला त्रास नको, वर यायची गरज नाही. तिथंच सही करा आणि कामाला लागा." भला माणूस. लिफ्टमधे पाऊल न टाकता सगळं मिटतंय. एक सही, बस्स.
कागद दोनदा वाचला. "जाळीचा खटका लिफ्टमन राजण्णा यांनी बांधून ठेवला होता." खाली माझं नाव छापलेलं, वर रेघ कोरी.
सही खाली बसून करता येते. दुसरं काही सांगायचं असलं तर वर जावं लागतं.
पॅकिंगच्या बायका जाता-येता विचारतात, बरं हाय का आता? बरं हाय म्हणते.
लिफ्टच्या जाळीवर नवी पाटी आलीय, खटका बांधू नये. मामांच्या स्टुलावर कुणी नाही.
बटण दाबलंय. लिफ्ट वर आहे, खाली यायला वेळ लागतो. कागद वहीत घातलाय, सही केलेली नाही. जाळी मलाच ओढावी लागेल, पूर्ण, खटका लागेपर्यंत. साखळीचा आवाज येतोय.