तिलकच्या यंत्राची रेघ

गोंदिया,
२२ नोव्हेंबर २०१३

चि. तिलक,

बरा असशील. कामठ्याला सगळे ठीक आहेत. धान खळ्यावर आलं आहे. आईचे गुडघे दुखतात, तरी ती मजुरांच्या मागे उभी असते. नागपुरात थंडी पडली असेल, स्वेटर घालत जा.

फोन करणार होते. पण तू "ताई" म्हटलं असतंस आणि मला पुढचं बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

आमच्या कॉलेजच्या लॅबसाठी ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र, घ्यायचा होता; निवडीत शेवटी दोनच उरले होते, तुझ्या कंपनीचा आणि दुसऱ्या एका कंपनीचा. तू यंत्र दाखवायला येणार हे कळलं तेव्हाच मी प्राचार्यांना म्हटलं, हा माझा सख्खा भाऊ आहे, मला या निवडीतून वगळा. ते म्हणाले, "भाई है तो क्या हुआ? इलेक्ट्रॉनिक्स पढ़ानेवाला यहाँ और है कौन?" खरंच कोणी नाही.

तुझं यंत्र देखणं. पडदा मोठा, मुलांना आवडला. पण एकच सिग्नल मी अ‍ॅनलॉग आणि डिजिटल अशा दोन्ही वाटांनी दिला, तेव्हा पडद्यावर दोन्ही रेघा एकदमच उठायला हव्या होत्या. डिजिटलची मागे पडत होती. "सेटिंगचं आहे, मॅडम," म्हणत तू वायर काढून घेतलीस. नंतर मी सगळी सेटिंग बदलून पाहिली. तेच. दुसऱ्या यंत्रावर रेघा बरोबर उठल्या.

कँटीनमध्ये तू हळूच म्हणालास, "ताई, तुले दिसलं ना? चूप राह्य. ही ऑर्डर नाही भेटली त मले काढून टाकतील."

आईलाही तू सांगितलंस वाटतं. रोज फोन करते. "दोन्ही मशीनवर रेघच दिसते ना? मंग भावाची रेघ काऊन नाही चालत तुले?"

तिला काय सांगू? मुलांचं सर्किट बरोबर असेल आणि यंत्र ते चुकीचं ठरवेल. ती बिचारी पुन्हा पुन्हा जोडत बसतील आणि मी सगळं माहीत असून त्यांच्यासमोर उभी राहीन. इकडे ती मुलं, तिकडे तुझी नोकरी. आठवडाभर मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवलं.

तिलक, काल मी दुसरं यंत्र निवडून सही केली. तुझ्या यंत्राबद्दल अहवालात रेघेला उशीर होतो एवढंच लिहिलं. तू वायर काढलीस ते लिहिलं नाही. तुझ्या साहेबांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

आईला रविवारी कामठ्याला जाऊन मीच सांगेन. तुला काढलंच तर आधी माझ्याकडे ये. किल्ली शेजारच्या नंदाबाईंकडे असते. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण जेवून जा.

दरवेळी शेवटी आशीर्वाद लिहिते. आज तुला तो चालेल की नाही, कळत नाही.

तुझी,
सोनिका