मागच्या दोन स्प्रिंगा

८ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. गाडीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा मी स्वतः बदलणार. घरी, बिल्डिंगच्या खाली, माझ्या हाताने.

कारण सासरे. तेजलचे वडील नरहरी दांडी गावात असतात. जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केली, आता कंबर गेली. चोवीस तारखेला त्यांना पालघरला कमरेच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. तेजल म्हणाली, "मागच्या वेळी बाबा आपल्या गाडीतून उतरले ते दोन दिवस कूस बदलू शकले नाहीत." हे तिने वरच्या मजल्यावरच्या धर्मेशसमोर सांगायची गरज नव्हती.

गाडी २००७ ची. मागून बसली आहे, हे मलाही दिसतं. पण उजवीपेक्षा डावी बाजू जास्त का बसली? धर्मेश रोज जिन्यातून उतरताना गाडीकडे बघतो. का बघतो? स्वस्तात मागायचा विचार असावा.

९ फेब्रुवारी, रविवार

सरावली नाक्यावर नामदेव मिस्त्रीच्या गॅरेजला गेलो. फक्त विचारायला. त्याने डिकीवर हात दाबला, एकदा वाकून बघितलं आणि म्हणाला, "दोनी स्प्रिंगा गेल्या हायत. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

दहा सेकंदांत निदान. मी कंपनीत क्वालिटीला आहे. एकवीस वर्षं बाटल्यांची झाकणं तपासतोय. एका झाकणाला मी याहून जास्त वेळ देतो. पुरावा काय, म्हणून विचारलं. "वाकून बगा," म्हणाला. वाकलो. गंज दिसला. त्याला तसं सांगितलं नाही.

मी घरीच करणार, म्हटलं. त्याला राग आला नाही. हे सगळ्यात संशयास्पद. उलट म्हणाला, "करा की. पन नुसत्या जॅकवर गाडी ठेवू नका, खाली घोड्या लावा. आनि स्प्रिंगच्या वरची रबरं परत लावायला इसरू नका."

स्वतःच्या धंद्यातली गोष्ट कोणी फुकट सांगतं का? रबराचं काहीतरी काळंबेरं आहे. लक्षात ठेवायचं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बोईसरला जाऊन स्प्रिंगा आणल्या. काउंटरवाला म्हणाला, "साहब, एकदम नया माल है." न विचारता म्हणाला. रंगाचा वास घेऊन बघितला. ताजा. जुन्या मालाला रंग मारला की असाच वास येतो. नव्या मालालाही येतो म्हणे, पण इतका?

घरी दोन्ही किचनच्या काट्यावर ठेवल्या. आठ ग्रॅमचा फरक. तेजल म्हणाली, काट्यावरून उचला, पीठ मोजायचंय. तिला आठ ग्रॅमचं गांभीर्य कळलं नाही. मार्करने एकीवर 'डा' लिहिलं, दुसरीवर 'उ'. आता कोणी अदलाबदल केली तर कळेल.

मोबाईलवर व्हिडिओ बघितला. त्यातल्या माणसाने नऊ मिनिटांत काम केलं. मला अकरा पुरे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सुट्टी

सकाळी ८:००. सुरुवात.

८:१०. धर्मेश दोन लोखंडी घोड्या घेऊन खाली आला. जॅकने उचललेली गाडी त्यांच्यावर टेकवायची असते. मी मागितल्या नव्हत्या. त्याच्याकडे त्या आधीपासून कशा? म्हणाला, जुन्या गाडीच्या वेळच्या आहेत. "मनीषभाई, थांबू का मदतीला?" नको म्हटलं. वर गेला आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसला.

९:३०. चाक निघालं.

११:४०. शॉकअपचा खालचा बोल्ट निघत नाही. गंज. वरून आवाज आला, थोडं तेल मारून ठेवा म्हणून. मी तेच करणार होतो. आता त्याच्या सांगण्यावरून केलं असं दिसेल, म्हणून पाऊण तास थांबलो.

१:००. डाव्या हाताने मारलेली हातोडी उजव्या अंगठ्यावर. जेवण डाव्या हाताने.

४:१५. डावी जुनी स्प्रिंग बाहेर. एक वेटोळं तुटलेलं होतं. तुकडा मिळाला नाही. म्हणजे नामदेवचं निदान बरोबर होतं, असं वरवर पाहता वाटेल. पण त्याला आधीपासून माहीत होतं, याचाच अर्थ काय होतो? विचार चालू आहे.

व्हिडिओ पुन्हा बघितला. मधले भाग कापलेले आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ५:३०

फर्स्ट शिफ्ट करून आलो आणि काम पूर्ण केलं. दोन्ही नव्या स्प्रिंगा बसल्या.

दोन रबरी चकत्या उरल्या. हीच ती रबरं. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला बसतात म्हणे. मी नीट विचार केला. स्प्रिंग लोखंडाची, गाडी लोखंडाची. मध्ये रबराचं काय काम? रबर झिजतं, मग गिऱ्हाईक परत गॅरेजला येतं. नामदेव एवढ्या आग्रहाने का सांगत होता ते आता उलगडलं. चकत्या धुऊन गॅलरीतल्या फळीवर ठेवल्या. पुरावा म्हणून.

एक फेरी मारली. मागून टक-टक असा आवाज येतो. नव्या वस्तूला आवाज असतो. डावी बाजू आता दोन बोटं वर आहे. आधी खाली होती, म्हणजे सुधारणाच.

तेजल शेजारी बसली होती. उतरल्यावर फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साडेतीनला कंपनीच्या बसने घरी आलो. सिंकमध्ये तीन कप.

तेजल एक. बाकीचे दोन कोण? विचारलं. म्हणाली, "कामाची माणसं आली होती, चहा पिऊन गेली." कसलं काम? "झालं ते," म्हणाली.

गाडीची चावी दाराजवळच्या खिळ्यावरच होती. पण चावीला लटकवलेला मासा रोज भिंतीकडे तोंड करून असतो, आज दाराकडे होता. धर्मेश गिऱ्हाईक घेऊन गाडी दाखवून गेला, दुसरं काही नाही. आणि माझी बायको त्यांना चहा देते. अठरा वर्षांच्या संसारात असं काही लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दोन गोष्टी.

एक. गाडीचा आवाज गेला. पूर्ण. दोन्ही बाजू एका पातळीत आल्या. स्प्रिंगा आपोआप सेट झाल्या. नवी चप्पल चार दिवसांनी पायाला बसते, तसं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण मनात हेच होतं.

दोन. गॅलरीतल्या फळीवरून रबरी चकत्या चोरीला गेल्या. घड्याळ तिथेच, तेजलची चांदीची वाटी तिथेच. फक्त रबरं. चोराला नेमकं काय हवं ते माहीत होतं.

तेजलला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने मान खाली घातली, खांदे हलत होते. तिला धक्का बसला असावा. तरीपण मी तिच्यावरचा संशय पूर्ण काढलेला नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारनंतर दांडीला जाऊन सासऱ्यांना घेऊन आलो. मागच्या सीटवर त्यांना पाय लांब करून बसवलं. तारापूरच्या पुढचे खड्डे मुद्दाम मोजले, अठ्ठावीस. एकदाही कण्हले नाहीत. घरी उतरताना म्हणाले, "जावई, गाडी झ्याक झाली हाय. पानी संथ असल्यावर बोट जाते तशी आली."

मी म्हटलं, स्वतः केलंय. ते तेजलकडे बघून म्हणाले, "हो ना, हो ना."

आज झोप चांगली लागेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्याच्या प्रवासाआधी शेवटची तपासणी म्हणून गाडीखाली वाकलो. बरं झालं वाकलो.

शॉकअपच्या दोन्ही बोल्टांवर पांढऱ्या रंगाचे टिपके. मी लावलेले नाहीत. माझ्या घरात पांढरा रंग नाही. कोणीतरी माझ्या गाडीला हात लावला आहे आणि खूण करून ठेवली आहे. बुधवारचे तीन कप. सगळं जुळलं.

तेजलला काही बोललो नाही. बाबा आत झोपले होते. गाडी धुतो, म्हणून सांगितलं आणि बादली घेऊन खाली गेलो. धर्मेशच्या घोड्या अजून माझ्याकडेच आहेत. त्याने परत मागितल्या नाहीत, हेही लिहून ठेवतो.

बोल्ट इतके घट्ट होते की पान्यावर उभं राहावं लागलं. मी इतके घट्ट करत नाही. स्प्रिंग काढली आणि चाटच पडलो. माझी चोरलेली रबरं माझ्याच गाडीत लपवली होती. स्प्रिंगच्या वर, एकेक, दोन्हीकडे. शोधणारा सगळीकडे शोधेल, पण स्वतःच्या गाडीत कशाला बघेल? डोकं चालवलं होतं. पण गाठ माझ्याशी होती.

रबरं काढली. 'डा' लिहिलेली स्प्रिंग मी लावली होती त्याच्या उलटी बसवली होती, ती पुन्हा माझ्या पद्धतीने बसवली. पांढरे टिपके घासून टाकले. अंधार पडायला लागला होता, बोल्ट अंदाजाने आवळले. रबरं या वेळी कपाटात, कुलपात.

वर आलो तर तेजल माझ्या हातांकडे बघत होती. "फक्त धुतलीत ना?" म्हणाली. हो म्हटलं. ती साखर आणायला म्हणून वरच्या मजल्यावर गेली. डब्यात साखर होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जे झालं ते सरळ लिहितो.

साडेआठला निघालो. बाबा मागे, पाठीला उशी, शेजारी तेजल. टक-टक पहिल्या वळणापासून होती. मी रेडिओ लावला. तेजलने मागून हात लांब करून बंद केला. "हा आवाज शनिवारी नव्हता," म्हणाली. मी म्हटलं, सकाळचा गारवा.

उमरोळीच्या अलीकडे स्पीडब्रेकर आला. हळूच घेतला. मागून बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी डावीकडे बसली. टायर पत्र्याला घासायला लागला. बाजूला घेऊन थांबवली. बाबांनी एकदाच "आई गं" म्हटलं. मग डोळे मिटून, दोन्ही हातांनी सीट धरून पडून राहिले. कपाळावर घाम. तो घाम मी बघितला. तेव्हा पहिल्यांदा मला कोणाचाच संशय आला नाही, फक्त भीती वाटली.

वाकून बघितलं. डाव्या शॉकअपचा बोल्ट नव्हता. स्प्रिंग जागेवरून सटकून तिरकी उभी होती.

तेजलने दोन फोन केले. एकूण एक मिनिट लागलं असेल. मग माझ्याकडे न बघता सगळं सांगितलं. सोळा तारखेच्या रविवारी मी काम संपवलं, त्या टक-टकने ती घाबरली आणि तिने नामदेवला फोन केला. बुधवारी मी कंपनीत असताना नामदेव आला. धर्मेशने घोड्यांचं वगैरे बघितलं. दोघांनी स्प्रिंग सरळ केली, रबरं लावली, बोल्ट आवळले, चहा प्याले. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून नामदेवदादाच म्हणाले, साहेबांना सांगू नका."

मी विचारलं, मग ते पांढरे टिपके?

उत्तर बाबांनी दिलं, डोळे न उघडता. "बोल्ट आवळून झाला का मिस्त्री टिपका लावतो. म्हंजे हा झाला, याला आता हात लावायचा नाय. आमी बोटीच्या इंजिनाला पन लावतो."

मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

धर्मेश पंचवीस मिनिटांत त्याची गाडी घेऊन आला. सरावलीतून एवढ्या वेळात यायचं तर माणूस बूट घालूनच बसलेला पाहिजे. तसाच बसला होता. रजा टाकून. काल तेजल वर साखर मागायला गेली नव्हती. "तुम्ही गाडी धुतो म्हणालात," तेजल म्हणाली, "अठरा वर्षांत तुम्ही कधी गाडी धुतली नाहीत."

आम्ही दोघांनी बाबांना उचलून धर्मेशच्या गाडीत ठेवलं. सीट लहान, उशी घसरत होती. तेजल पुढे बसली. मी मागे अंग चोरून बसलो आणि पालघरपर्यंत दोन्ही हातांनी उशी त्यांच्या कमरेला दाबून धरली. खड्डा दिसला की आधीच थोडी वर उचलायची, हे तिसऱ्या खड्ड्याला जमलं. रस्त्यात उलट दिशेने स्कूटरवर नामदेव दिसला. माझ्या गाडीकडे चालला होता. त्याने हात केला. मी हात केला नाही, हात मोकळे नव्हते.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको. गोळ्या, व्यायाम, आणि तीन आठवड्यांनी परत दाखवा. तेजल तिथेच खुर्चीवर बसून रडली. मी पाणी आणून दिलं. तिने घेतलं.

२ मार्च, रविवार

गाडी नामदेवकडून आणली. कपाटातली रबरं मी स्वतः नेऊन दिली होती. कुलूप उघडताना तेजल बघत होती.

नामदेव म्हणाला, "वाकून बगा, साहेब. तपासून घ्या." वाकलो. पंधरा मिनिटं बघितलं. खोट सापडली नाही. सॉरी म्हणायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "टिपके नीट लावलेत." तो म्हणाला, "हा, लावलेत."

धर्मेशला घोड्या परत दिल्या. त्याला माझी गाडी विकत घ्यायची आहे का, असं एकदा सरळच विचारलं. त्याने घोड्या जिन्याखाली ठेवल्या. मग म्हणाला, "मनीषभाई, ती कोण घेणार?"

दुपारी जेवताना तेजलने विषय काढला, पुढच्या खेपेला पालघरला कसं जायचं. मी ताटात बघत होतो. बाबा म्हणाले, "गाडी जावयांचीच ने. चालवायला धर्मेशला बसव. जावयांना माझ्या बाजूला बसव, उशी ते चांगली धरतात."

यात टोमणा असणार, हे धरून संध्याकाळपर्यंत विचार केला. शेवटी तेजलला विचारलं. ती म्हणाली, नाही, खरंच म्हणत होते.