तुमच्या फ्लेक्सवरची शोकाकुल

सर,

"रडतंस कित्याक गो? आधी प्रश्न सांग, नायतर विसरतलंस."

पहिल्यांदा नापास होऊन मी क्लासचा जिना चढून वर आले, तेव्हा तुम्ही मला तुमच्या मालवणीत एवढंच म्हणालात. तुमचा नियमच होता ना! कॉम्प्युटर सपोर्टची ती परदेशी परीक्षा देऊन बाहेर पडलं की घरी जायचं नाही, चहाला थांबायचं नाही, थेट घाटकोपरला तुमच्यासमोर यायचं. स्क्रीनवर पाहिलेले प्रश्न ताजे असतानाच सांगायचे. तुम्ही ते उतरवून घ्यायचात, त्यांना उत्तरं लावायचात आणि पुढच्या बॅचला त्याच्या झेरॉक्स वाटायचात. त्याला सगळे डम्प म्हणायचे. मी नाक पुसत प्रश्न सांगत होते आणि तुम्ही मान खाली घालून लिहीत होतात. "आणि? अजून आठव."

मी कशात कमी पडले, हे विचारावंसं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?

'प्रिय' लिहून खोडलं, हे सांगून टाकते. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते. पूर्ण खाल्ला. तुम्हाला पत्र लिहायचं काही कारणही नव्हतं. पण गेल्या आठवड्यात भावाने मोबाइलवर एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, तू शोकाकुल कधी झालीस?"

तुमच्या नाक्यावरचा फ्लेक्स. मध्ये तुम्ही, हार घातलेले, काळा चष्मा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'शोकाकुल विद्यार्थी परिवार' आणि त्यात पहिल्या ओळीत मी! तोच तो फोटो, दोन वेण्यांचा, क्लासच्या पाटीवर वर्षानुवर्षं लटकलेला. मला कुणी विचारलं? तुम्ही हयात असताना विचारत नव्हतात, आता मॅडम विचारत नाहीत. नवऱ्याचा क्लास चालवायचा तर रीतही नवऱ्याचीच चालवायची, असं त्यांनी ठरवलेलं दिसतंय.

पास झाले तेव्हा मी तुमच्या क्लासात नव्हते, सर. त्या रडण्यानंतर मी पुन्हा जिना चढलेच नाही. नाहूरला घरी, कुणीतरी टाकून दिलेलं कॉम्प्युटरचं मशीन जमिनीवर उघडून बसायचे. काय काढलं की काय बंद पडतं, ते हाताने शिकले. आई ओरडायची, "पसारा आवर, पाय ठेवायला जागा नाही!" पास झाल्यावर तुम्हाला फक्त पेढा द्यायला आले होते. तुम्ही पेढा खाल्लात आणि माझा फोटो पाटीवर लावलात. मी फोन करून भांडले तर हसलात. "चांगला आलाय गं फोटो. राहू दे. मुली येतील तो बघून."

आल्या ना! त्यातलीच एक सोमवारी माझ्यासमोर बसली होती, अंधेरीला, आमच्या ऑफिसात, सपोर्टच्या नोकरीच्या मुलाखतीला. सुजाता. खारदांड्याची, आई मासळी विकते. तिच्या प्रमाणपत्रावर माझ्यापेक्षा चांगले मार्क. मी विचारलं, "समोरच्याचं नेट चालत नाही. तू आधी काय बघशील?"

ती वाट बघत राहिली. मला वाटलं, विचार करतेय. मग म्हणाली, "ऑप्शन सांगा ना, मॅडम."

"ऑप्शन नाहीत. समोर माणूस आहे, वैतागलेला."

"हो, पण चार ऑप्शन द्या ना. मी बरोबर ओळखते."

ती चेष्टा करत नव्हती, सर. वायर नीट लागली आहे का हे बघायचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी नकार दिला. लिफ्टपाशी तिने मला गाठलं. "मॅडम, क्लासच्या पाटीवर तुम्हीच ना? आई तयारच नव्हती. तुमचा फोटो बघून हो म्हणाली." आणि मग, अगदी सरळ, "मग मला का नाही येत?"

काय सांगायला हवं होतं मी तिला? सांगा ना!

तुमचं उत्तर मला पाठ आहे. "कागद नसला तर गेटवरूनच परत पाठवतात. मी गेट उघडून देतो. आतलं आत गेल्यावर शिका." यात थोडं खरं आहे, हे मला कबूल करावं लागतं आणि त्याचीच जास्त चीड येते. कितीतरी मुलं त्या कागदावर आत शिरली. किती परत बाहेर आली, त्यांचे फोटो कुठे लावलेत?

तुम्हाला काही येत नसतं तर मी विसरूनही गेले असते. पण एका दुपारी क्लासचं मोठं मशीन बंद पडलं होतं, आठवतं? तुम्ही बाह्या सरसावून ते उघडलंत. मी एकटीच तिथे होते. पंख्याचा आवाज ऐक, इथे हात लावून बघ, गरम कुठे आहे, का असेल? मी चुकीचं सांगितलं तर म्हणायचात, "बरं, मग तसं असतं तर काय झालं असतं?" मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, हे मला समजू शकतं. मग बॅच आली. तुम्ही हात धुतलेत आणि झेरॉक्स वाटायला घेतल्यात.

म्हणजे शिकवता येत होतं तुम्हाला! आम्हाला समजेल, यावर तुमचा विश्वास नव्हता. हे मी माफ करणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलतेय.

सुजाताची पुन्हा मुलाखत घ्यायला वरच्यांना कसंबसं तयार केलंय, पुढच्या महिन्यात. तोवर ती दर रविवारी माझ्या घरी येणार. मशीन उघडणार, बिघडवणार, तिला चिडचिड होईल, मलाही होईल. एकही ऑप्शन देणार नाही, हे तुम्हाला वचन. फ्लेक्सवरून माझं तोंड मी स्वतः जाऊन उतरवणार, हे दुसरं.

आणि एक मागणं. मॅडमच्या स्वप्नात जा एकदा. माझं त्या ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. त्यांना सांगा, नव्या बॅचला डम्प देऊ नका, एक मशीन उघडून द्या.

नाहीच म्हणाल तुम्ही. म्हणाल, बॅच रिकामी राहील.

राहू दे ना, सर.

तुमची कधीच नसलेली विद्यार्थिनी,
शैला