तुझ्या दादाच्या नावाने

प्रिय ठमे,

फोन आपटलास म्हणून पत्र लिहितेय. पत्र आपटता येत नाही. फार तर फाडशील, पण तू माझीच मुलगी, फाडायच्या आधी वाचशील हे मला ठाऊक आहे. तेव्हा चहा करून घे आणि बस. दुकान ठीक चाललंय. मोठी भट्टी अधूनमधून रुसते, मिस्त्री येऊन तिची समजूत घालून जातो. माझे गुडघे कुरकुरतात, पण गल्ल्यावर माझ्याऐवजी दुसरं कुणी बसवायची वेळ अजून आलेली नाही.

तू विचारलंस, तुरुंगात जायची कुठून अवदसा आठवली. सांगते. फाशी झालेल्यांच्या दयेच्या अर्जावर निर्णय देणारं जे मंडळ आहे, त्यांनी कळवलं होतं की मयताच्या घरच्यांना हवं असेल तर सुनावणीआधी कैद्याला भेटता येईल. तुला विचारलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस, म्हणून विचारलंच नाही. त्याची बाजू मांडणाऱ्या संस्थेतली एक मुलगी माझ्याबरोबर होती. वाटभर तिचं एकच, तो किती बदललाय, किती वाचतो, नव्या कैद्यांना कसं काम शिकवतो. मी हं हं करत होते. मनात म्हटलं, तिथे दारू मिळत नाही आणि रागवायचं म्हटलं तर समोर शिपाई. अशात कोण सुधारणार नाही?

तुला आठवण करून द्यायला नको, पण मला लिहायचंय. तुझ्या दादाने त्याला कामावर ठेवलं तेव्हा त्याला धड पीठ चाळता येत नव्हतं. दादाने हाताला धरून शिकवलं. पिऊन आला तेव्हा समजावलं, पुन्हा आला तेव्हा झापलं, मग काढून टाकलं. त्यानंतर आठवड्याभराने तो मागच्या दाराने शिरला, पिठाच्या गोण्यांआड दबा धरून बसला आणि भट्टीची सळई दादाच्या डोक्यात घातली. रागाच्या भरात नव्हे, ठरवून. मी हे विसरलेले नाही. विसरले असं ज्याला वाटतं त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं.

तुरुंगातही तो पावच भाजतो. पांढऱ्या फरशीची खोली, वर एवढीशी खिडकी, स्टुलावर जांभया देणारा शिपाई आणि लांबलचक टेबलावर फुगत ठेवलेले पाव. तो पाठमोरा उभा राहून पात्याने एकेका पावाला चीर देत होता. मी आधी ओळखलं ते त्याला नव्हे, त्या चिरेला. आपल्याकडे सगळे चीर देतात ती उजवीकडे झुकते. तुझा दादा डावखुरा, त्याची डावीकडे झुकायची. बाबा ओरडायचे, अरे गिऱ्हाइकाला वाटेल पाव उलटा ठेवलाय. दादा हसायचा आणि तशीच द्यायचा. तो गेल्यापासून तसा पाव मी पाहिला नव्हता. आणि इथे हा उजव्या हाताचा माणूस मनगट वेडंवाकडं पिळून तीच चीर देत होता, एका पावाला नव्हे, सगळ्या पावांना.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वाटलं, त्याच्या थोबाडीत द्यावी. माझं पोर मारलंस आणि त्याची चीर तेवढी ठेवून घेतलीस? विचारलं, ही कुणी शिकवली. मान खाली घालून म्हणाला, दादांनीच, मला दुसरी येतच नाही. रडला नाही, पाया पडला नाही. माफी मागायची तर ती दादांकडे, म्हणाला, तुमच्याकडे मागून तुम्हाला अडचणीत कशाला टाकू. संस्थेच्या मुलीचं तोंड उतरलं. त्याच्या डोक्यावर मी हात ठेवलाय असा फोटो तिला हवा होता. मी म्हटलं, बाई गं, त्याला जगू द्या असं म्हणेनही एखादे वेळी, पण मी काही जावई पसंत करायला आलेली नाही.

आता तू म्हणशील, आई एका पावाला भुलली. म्हण. ती चीर अजून पाहावीशी वाटते, हे मी लपवत नाही. पण मंडळापुढे उभी राहणार आहे ती त्यासाठी नव्हे. त्याच खोलीत गोण्या उचलायला दुसरा एक होता, त्यालाही फाशीच झालेली. त्याला धड बोलता येत नाही, कुणी काही विचारलं की दात विचकतो, शिव्या घालतो. मी मुलीला विचारलं, याचं काय होणार? ती म्हणाली, याचं अवघड आहे, याच्यात काही सुधारणा दाखवता येत नाही. माझं डोकंच फिरलं. म्हणजे ज्याला पश्चात्ताप नीट मांडता येतो तो जगणार आणि ज्याची जीभ जड तो लटकणार. शाळेची तोंडी परीक्षा आहे का ही? अगं, माणूस आतून सुधारलाय की नाही हे मला सख्ख्या नवऱ्याबद्दल जन्मभरात कळलं नाही, ते या मंडळाला एका दुपारी कळणार?

म्हणून मी तिथे सांगणार आहे की तो सुधारला की नाही ते मला माहीत नाही आणि मला विचारूही नका. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही. त्याने तिथेच म्हातारं व्हावं, रोज उठून त्या भट्टीपुढे उभं राहावं, बाहेरचा रस्ता त्याला दिसू नये. पण त्याला मारायचं म्हणताय ते माझ्या मुलाच्या नावाने मारू नका. त्याच्या नावाची दुकानावर पाटी आहे, तेवढी पुरे आहे. माझा मुलगा पिंजऱ्यात सापडलेले उंदीर लांब पुलापलीकडे नेऊन सोडायचा आणि ते त्याच्या आधी घरी परत यायचे. त्याच्या नावावर माणूस लटकवताय?

बाबांचं म्हणशील, तर जायच्या आधी माझा हात धरून ते म्हणाले होते, त्याला लटकलेला बघ, माझ्यासाठी. मी हो म्हटलं नव्हतं. पाण्याचा पेला पुढे केला होता. तू दाराशी होतीस, तुला वाटलं मी मान हलवली. तुझा सख्खा भाऊ गेला, ठमे, तुझं दुःख मी माझ्या मापाने मोजत नाही. तू मंडळापुढे उभी राहा आणि खुशाल म्हण, फाशी द्या. मी तुला दगडाच्या काळजाची म्हणणार नाही, दुसऱ्या कुणाला म्हणूही देणार नाही.

पण तू आणखी एक केलंस, ते आता बोलते. परवा मंडळाच्या कचेरीतून एका गृहस्थांचा फोन आला. फार अदबीने, एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याशी बोलावं तसे बोलत होते. म्हणाले, तुमच्या मुलीने कळवलंय की आईंचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं, त्यांचं म्हणणं ग्राह्य धरू नये. मग त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला, फोन ठेवला आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना तशीच बसून राहिले. तू रागात केलंस, कळतं मला. पण आईला वेडी ठरवलंस गं, आणि ते मला फार लागलं. म्हणून हे पत्र. याच्या मी दोन प्रती केल्यात, दोन्ही माझ्या हाताने. एक तुला आणि एक, शब्दही न गाळता, मंडळाला. म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते त्यांनी वाचून ठरवावं. सोमवारी सुनावणीत मी बोलणार आहे. ते आटोपलं की माझ्याबरोबर घरी ये. भांडायचं असेल तर जेवून भांडू.

तुला पटो न पटो,
तुझीच,
आई