दाजी, पुन्हा या जेवायला

रविवार, संध्याकाळ

अजून डोकं गरगरतंय. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, पुण्याहून तो व्हीआरचा चष्मा आणला आणि जेवण झाल्या झाल्या मला उभं करून डोळ्यांवर चढवला. तांबडा रस्सा अजून गळ्याशी होता. वर टेबलफॅनही बंद केला, आवाज येतोय म्हणून! चष्म्यातल्या खेळात दरीवरून उडायला लागले आणि सगळ्यांसमोर ओकले. दाजी हसत शूटिंग करत होते. "कोल्हापूरची वाघीण गार झाली की!" म्हणे.

बरं. या चष्म्यानं मळमळू नये म्हणून काय करायचं, ते मघाशी सगळं वाचून काढलंय. पोट हलकं ठेवायचं, बसून खेळायचं, तोंडावर वारा घ्यायचा, मळमळलं की लगेच चष्मा उतरवायचा. तो फॅन... मुद्दाम बंद केला का त्यांनी? केलाच असणार.

पुढच्या रविवारी परत येणार आहेत. मी अर्धी भाकरी खाऊन, फॅनसमोर बसून आरामात उडणार. दाजींना मात्र आग्रह करकरून रस्सा वाढणार. सासुरवाडीत आग्रह मोडायची कुठल्या जावयाची छाती आहे? मग त्यांना उभं करीन आणि फॅन बंद करीन. आवाज येतो ना.

बादली मात्र नवी कोरी ठेवीन. शेवटी जावयाचा मान हाय.