ओडेसाच्या आजाराचं कारण

प्रिय ओडेसा,

चक्कर येऊन पडलीस म्हणून तुला इस्पितळात आणलं, तिथं डॉक्टरीणबाई तुझ्या रक्तदाबाचा आकडा सांगत होत्या आणि तू पलंगाखाली बूट शोधत होतीस. म्हणालीस, "लेम्युएल, सोमवारी मी कामावर जाणारच."

न्हाव्याचं काम मला कुणी शिकवलं नाही. डोकी बघत शिकलो, आणि क्लीव्हलंडच्या या भागात केसांच्या कडेची माझ्याइतकी सरळ रेघ कुणी काढत नाही. म्हणून ईस्टरला तुझ्या कानशिलावर टक्कल दिसलं तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "केस सरळ करायची लोखंडी फणी फार तापवतेस. एरंडेल चोळ." तू "बरं, डॉक्टरसाहेब" म्हणून हसलीस. निदान साफ चुकलं. भाजल्याची खूणच नव्हती तिथं.

आज तुझ्या ऑफिसातली युनिस दुकानात आली. तिच्याकडून कळलं की तिथल्या गोऱ्या हॅलोरनबाईंनी भर मीटिंगमध्ये तुझी वेणी हातात धरून "अय्या, खरी आहे?" विचारलं, तेव्हापासून तू दर रविवारी तापल्या फणीनं केस सरळ करतेस. "ऑफिसात काळ्या आम्ही दोघीच, तरी ओडेसाला माझ्या नावानं हाका, मला तिच्या," युनिस म्हणाली. "चूक माझी, बोलणी तिला. सुधारायला जावं तर म्हणतात, किती चिडता तुम्ही बायका! तिचे केस गळतात, माझं पोट बिघडतं. आम्ही दोघींनी वाटून घेतलंय." हसली, आणि मग खुर्चीत बसून राहिली.

चर्चमध्ये बीसनबाई तुला "आमचं लोखंड" म्हणतात आणि मीही अभिमानानं मान डोलावतो. पण झोपेत दात आवळून तुझ्या दाढेचा टवका उडाला; लोखंडाचा उडत नाही, ओडेसा.

एवढं लिहायचं कारण असं. मी निघताना तू माझी बाही ओढून म्हणालीस, "ऑफिसला फोन कर. उपाशी होते म्हणून चक्कर आली, एवढंच सांग." अजून केलेला नाही. चक्कर आली त्या सकाळी तू माझ्याच टेबलाशी जेवलीस: दोन अंडी, मक्याची लापशी, वर लोणी. गप्प बस म्हणशील तर बसेन. खरं सांगायचं ठरवशील तर दुकानाला कुलूप लावून तुझ्याशेजारी उभा राहीन. युनिसही येते म्हणाली. ठरवायचं तूच. पण त्यांनी तुझं जे केलं, ते मी न्याहारीवर ढकलणार नाही.

तुझाच भाऊ,
लेम्युएल